फुकटच्या दोन हजारांचा हिशेब



दुकानावर ‘एका साडीवर एक मोफत’ अशी पाटी दिसली की आपण आत शिरतो. पण पहिली साडी विकत घेतल्याशिवाय दुसरी मिळत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. इंटरनेटवर जाहिरातीचं नवं खातं उघडताना जी सवलत मिळते, तीही अशीच असते. आम्हाला मात्र हे हिशेब चुकल्यावर कळलं.

उन्हाळ्यात आमच्या गटानं कुरडया, सांडगे, पापड भरपूर केले. आठवडी बाजारात विकूनही माल उरला. शहरातल्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर जाहिरात दाखवावी, असं बैठकीत ठरलं. एका कंपनीची सवलत होती : नव्या खात्यात कोड टाका, दोन हजारांची जाहिरात करा, आणखी दोन हजारांची जाहिरात आमच्याकडून. आम्ही गटाच्या खात्यातून २,००० रुपये भरले आणि निर्धास्त झालो.

भरलेल्या पैशातून १८ टक्के जीएसटी गेला. जाहिरातीला उरले सुमारे १,६९५ रुपये. ते संपले, जाहिरात थांबली. आता सवलतीचे पैसे येतील म्हणून आम्ही वाट बघत बसलो. अट मात्र अशी होती, की कर सोडून पूर्ण २,००० रुपये जाहिरातीवर खर्च झाले पाहिजेत, आणि तेही ६० दिवसांत. नुसते भरून चालत नव्हतं. म्हणजे आम्ही २,३६० रुपये भरायला हवे होते. ३६० रुपयांसाठी सवलत गेली. अट लिहिलेली होती. आम्हीच ती शेवटपर्यंत वाचली नव्हती.

जाहिरात बघून काही फोन आले, थोडा माल गेला. तरी पुढच्या बैठकीत एका वयस्कर ताईंनी विचारलं, “फुकटचे दोन हजार राहू द्या गं, आपले दोन हजार कुठं गेले ते सांगा.” वीस जणींची महिन्याला शंभर रुपये बचत, म्हणजे सगळ्या गटाची एका महिन्याची बचत होती ती. आम्ही चूक कबूल केली, सगळा हिशेब मांडला आणि इतिवृत्तात लिहून ठेवला.

एकीच्या मुलानं सुचवलं, “दुसऱ्या सदस्याच्या नावानं खातं काढा, पुन्हा कोड मिळेल.” आम्ही नको म्हटलं. सवलत नव्या जाहिरातदारासाठी असते. नावं बदलून खाती काढली, तर ती बंद होऊ शकतात. आणि एकीच्या नावावर दुसरीनं कर्ज उचललेलं आपण गटात चालवून घेतो का?

म्हणून मैत्रिणींनो, खातं उघडण्याआधी चार गोष्टी करा.

पहिली, अटी मोठ्यानं वाचून घ्या. किती खर्च करायचा, किती दिवसांत, कोड कधीपर्यंत टाकायचा, आणि मिळालेलं क्रेडिट कधी संपतं, हे बैठकीच्या वहीत तारखेनिशी लिहा. क्रेडिट म्हणजे रोख नव्हे. ते बँकेत काढता येत नाही, जाहिरातीलाच वापरावं लागतं.

दुसरी, कराचा हिशेब आधी करा. शंभराच्या जाहिरातीला ११८ रुपये लागतात, हे लक्षात ठेवा.

तिसरी, पैसे कसे कापले जाणार ते बघा. आधी भरून वापरायची सोय असेल तर ती घ्या. पैसे संपले की जाहिरात थांबते. कार्ड जोडून आपोआप पैसे जाण्याची सोय घेतली, तर क्रेडिट संपल्यावरही जाहिरात चालूच राहते आणि पैसे आपल्या खात्यातून जातात. थांबवायची तारीख ठरवा आणि ते काम एकीवर सोपवा. गूगलच्या जाहिरातीत रोजची मर्यादा १०० रुपये लिहिली, तरी एखाद्या दिवशी २०० पर्यंत जाऊ शकतात; महिन्याचे मात्र ३,०४० च्या वर जात नाहीत. हे माहीत असलं की घाबरायला होत नाही.

चौथी, माल जिथं पोचवू शकतो तेवढ्याच गावा-शहरांत जाहिरात दाखवा. आणि कौतुकानं आपलीच जाहिरात दाबून बघू नका. बऱ्याच जाहिरातींत दाबण्याचेच पैसे लागतात.

आपल्याला दोन हजार खर्च करणं झेपत असेल, तरच त्यावरचे दोन हजार आपल्या कामाचे. झेपत नसेल, तर सवलत सोडून द्या. मोबाइलवर ओळखीच्यांना मालाचे फोटो पाठवायला काही लागत नाही. तिथून सुरुवात करा.

यंदाही आमची वाळवणं उन्हात पडली आहेत. जाहिरातीचा ठराव मात्र या वेळी आधी वहीत लिहिला आहे, २,३६० रुपयांचा आकडा घालून.