लेकराचा हक्क, सरकारचा उपकार नव्हे
(औसा येथील बैठकीतील भाषण)



थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल झालेलं लेकरू चालतं-बोलतं दिसतं, म्हणून गाव त्याला अपंग समजत नाही. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ आहेत, त्यात हे तिन्ही आले. सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. ४० टक्के भरले की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलीत द्या; लहान लेकरासाठी आईबापांनी करायचा. ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांना दरमहा २५०० रुपये ठरलेत.

अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची. सोयाबीनची पट्टी म्हणजे उत्पन्न नव्हे. बियाणं, खत, मजुरी वजा जाऊन उरतं ते उत्पन्न. तलाठ्याला हिशेब लिहून द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.