माहेरी जाताना फाईल बरोबर न्या

मंडळाने मला जोखमीच्या बाळंतपणावर बोलायला सांगितले. विषय मोठा आहे, मी फक्त गरोदरपणातील रक्तदाबाविषयी बोलते.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. भिलाईत डोहाळजेवण झाले की मुलगी रेल्वेने पुण्या-नागपूरकडे निघते आणि तपासणीची फाईल इथे कपाटातच राहते. माझ्या एका पेशंटचे असेच झाले. तिच्या परवानगीने सांगते. इथे तिचा रक्तदाब ११०/७० असे. माहेरी डोके दुखू लागले. पित्त असेल म्हणून दोन दिवस कपाळाला सुंठेचा लेप लावला. तिसऱ्या दिवशी झटके आले. मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने दिली, ३२व्या आठवड्यात सिझेरियन करावे लागले. आई वाचली. बाळ महिनाभर काचेच्या पेटीत होते. (काल आपल्या बालनाट्यात तेच उंदीरमामा झाले होते!)

चूक माझीही होती. डोकेदुखीचा अर्थ मी तिला निघताना सांगितलाच नव्हता.

म्हणून आज सांगते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा जास्त भरला, डोके ठणकले, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली दुखले किंवा चेहरा सुजला, तर सकाळची वाट पाहू नका. सासूबाईंनो, पाय सगळ्यांचेच सुजतात हे खरे, पण रक्तदाब मोजूनच तसे म्हणा. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते.

आणि हो, बाळंतपणानंतरही काही दिवस रक्तदाब मोजत राहा. झटके तेव्हाही येऊ शकतात.