रोजच्या ओपीडीतील अल्पदृष्टी सेवा

औषधोपचार, शस्त्रक्रिया आणि अचूक नंबरचा चष्मा यांनंतरही त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी राहते किंवा दृष्टिक्षेत्र मध्यबिंदूपासून १० अंशांहून कमी उरते, तरीही उरलेल्या नजरेवर कामे करता येतात, अशा स्थितीला अल्पदृष्टी म्हणतात. मधुमेहाने बिघडलेले दृष्टिपटल, वाढलेला काचबिंदू, उतारवयातील मॅक्युलाचा ऱ्हास, रेटिनायटिस पिगमेंटोझा आणि फार मोठा मायनस नंबर ही तिची नेहमीची कारणे. हे रुग्ण रोजच्या ओपीडीतच येतात. त्यांची सेवाही तिथेच सुरू व्हायला हवी.

सुरुवात विचारपुशीने होते. रुग्णाला पोथी वाचायची आहे, फळ्यावरचे उतरवून घ्यायचे आहे, की बसची पाटी ओळखायची आहे, यावर पुढचे सारे ठरते. त्यानंतर नंबर नव्याने तपासला जातो. ‘बोटे मोजतो’ एवढीच नोंद पुरत नाही. लॉगमार तक्ता जवळ आणला की नजर आकड्यात मोजता येते. पेली-रॉबसन तक्त्यावर फिकट अक्षरे कितपत दिसतात, तेही पाहावे लागते.

साधनाची निवड साध्या गणिताने सुरू होते. केस्टेनबॉमच्या नियमानुसार ६/६० नजरेला वाचनासाठी सुमारे १० डायॉप्टरचे भिंग लागते आणि पुस्तक १० सेंटिमीटरवर धरावे लागते. हे अंतर समजावून सराव करून घेतला नाही, तर महागडा चष्माही कपाटात पडून राहतो. हात थरथरत असेल तर स्टँडचे भिंग बरे. फळ्यासाठी छोटी दुर्बीण. दृष्टिक्षेत्र आकसलेले असेल तर अक्षरे मोठी करून फायदा होत नाही, उलट कमी अक्षरे नजरेत मावतात; तिथे चांगला उजेड अधिक कामाचा.

काही उपाय जवळजवळ फुकटचे आहेत: बाजूने येणारा दिवा, काळे जाड पेन, ठळक रेघांची वही, पहिला बाक, पायरीच्या कडेला पिवळी पट्टी, मोबाइलवरील मोठी अक्षरे आणि वाचून दाखवणारा आवाज.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अल्पदृष्टीचा स्वतंत्र उल्लेख आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर अनेक सवलती अवलंबून असल्याने त्याची माहिती देणे हाही सेवेचाच भाग.

‘आता काही करता येणार नाही’ असे सांगण्याआधी रुग्णाला काय करायचे आहे, हे प्रत्येक केसपेपरवर नजरेच्या आकड्याशेजारी लिहिले जावे, एवढेच आवाहन.