काशीचे श्रीप्रकाश आणि राज्यपालपद

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा राज्यपालपदी असलेले श्रीप्रकाश हे काशीचे होते. भारतरत्न डॉ. भगवानदास यांचे ते चिरंजीव. १९५६ च्या डिसेंबरापासून ते द्विभाषिक मुंबई राज्याचे राज्यपाल होते. मराठी राज्याचा पहिला राज्यपाल मराठी नसावा, हे कोणास खटकेल. परंतु त्यामागे विचार होता. राज्यपाल लोकांनी निवडावा, असाही पर्याय घटनेच्या मसुद्यात होता. १९४९ साली घटना समितीने तो नाकारला. लोकनियुक्त राज्यपाल आणि लोकांना जबाबदार मुख्यमंत्री म्हणजे एका म्यानात दोन तलवारी! त्यापेक्षा स्थानिक पक्षोपपक्षांपासून अलिप्त असा परप्रांतीय बरा, असे मत तेथे मांडले गेले.

मुंबईत यशवंतराव चव्हाणांच्या पाठीशी बहुमत होते. त्यामुळे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणे हाच राज्यपालांचा धर्म होता. विधिमंडळापुढे राज्यपाल जे अभिभाषण वाचतात, तेही मंत्रिमंडळाचेच असते.

पण याच श्रीप्रकाशांना १९५२ साली मद्रासमध्ये निराळा प्रसंग आला होता. ३७५ जागांपैकी काँग्रेसला १५२ च मिळाल्या. टी. प्रकाशम् यांची विरोधी आघाडी बहुमताचा दावा करीत होती. श्रीप्रकाशांनी मात्र निवडणूक न लढविलेल्या राजाजींना विधान परिषदेवर नामनियुक्त केले आणि सरकार बनविण्यास पाचारण केले. पुढे राजाजींनी विधानसभेचा विश्वास संपादन केला, हे खरे. तथापि नंतर मिळालेल्या मतांनी आधीचा निर्णय आपोआप न्याय्य ठरतो काय? हाती सत्ता आल्यावर मते जुळविणे सुकर होते, हा आक्षेप दुर्लक्षिता येत नाही.

या पदाची खरी कसोटी येथे आहे. कौल स्पष्ट असतो तेव्हा राज्यपालास निवड करावी लागत नाही. तो अस्पष्ट असला, म्हणजे लोकांनी न निवडलेल्या एका व्यक्तीच्या हाती लोकांच्या कौलाचा अर्थ लावणे येते. १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी. राजभवनात डोकी मोजण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच श्रेयस्कर होय. तरीही प्रथम कोणास बोलवावे, हा प्रश्न उरतोच.

राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर पदावर राहतात. शपथ मात्र घेतात ती घटनेचे रक्षण करण्याची आणि राज्यातील जनतेच्या सेवेची. मर्जी आणि शपथ यांत अंतर पडेल त्या दिवशी जो शपथेस जागेल, तोच खरा राज्यपाल.