एका बाकावरचे दोघे

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘जर्मनी आणि भारत : राहणीमान आणि अर्थकारण’. चोवीस वर्षं श्टुटगार्टच्या जवळ राहतोय, म्हणजे याला सगळं माहीत असणार, असा त्यांचा समज झालेला दिसतो. मी काही अर्थतज्ज्ञ नाही. यंत्रावर काम करणारा माणूस आहे. त्यामुळे जे पाहिलं तेच सांगतो.

आकुर्डीच्या मुलांना जर्मनी तशी नवी नाही. आपल्यापैकी निम्म्यांचे वडील ‘टेंपो’त होते. टेंपो हे नाव हॅम्बुर्गच्या विडाल कुटुंबाच्या कंपनीचं. त्यांच्या तीनचाकीचा परवाना घेऊन 1958 मध्ये बजाज टेंपो सुरू झाली, पुढे कारखाना आपल्या आकुर्डीत आला, आणि माल वाहणाऱ्या प्रत्येक गाडीला सगळा महाराष्ट्र टेंपोच म्हणायला लागला. 2005 मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तरी घर बदलताना आपण अजून टेंपोच बोलावतो. मी जर्मनीत गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सर्दी झाली. सहकाऱ्याने विचारलं, ‘टेंपो हवाय का?’ मी म्हटलं, शिंकतोय मी, आणि हा टेंपो कशाला देतोय? मग कळलं, तिथे टेंपो म्हणजे कागदी रुमाल. त्याच नावाच्या रुमालाच्या ब्रँडवरून तिकडे तो शब्द रुळला आहे. गाडीचा टेंपो तर तिथले लोक विसरूनही गेलेत.

आता आकडे. ते एकदाच सांगतो आणि बाजूला ठेवतो. जर्मनीची लोकसंख्या साधारण साडेआठ कोटी, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून कमी. एकूण अर्थव्यवस्थेच्या आकारात भारत आज जर्मनीच्या मागे आहे, आणि काही वर्षांत पुढेही जाईल असा अंदाज आहे. पण माणशी उत्पन्न काढलं तर 2024 मध्ये तिकडे सुमारे 55 हजार डॉलर आणि इकडे सुमारे 2,700. म्हणजे वीसपट. तिकडची महागाई आणि इकडची स्वस्ताई हिशेबात धरली तर फरक वीसपटीवरून सहा-सातपटीवर येतो. सरासरी आयुष्य तिकडे 81 वर्षं, इकडे 72. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकाच्या अलीकडच्या यादीत जर्मनी पाचवा, भारत 130 वा.

ही स्वस्ताई काय असते, ते सांगतो. श्टुटगार्टला केस कापायला मला तीस युरो लागतात, म्हणजे तीन हजार रुपये. आकुर्डीत शंभर-दीडशे. तिकडच्या न्हाव्याची कात्री काही वीसपट वेगाने चालत नाही. फरक एवढाच, की तिथे 2015 पासून कायद्याने किमान वेतन आहे. 2025 मध्ये ते तासाला 12.82 युरो होतं. शिवाय न्हाव्याचा आजारपणाचा विमा, पेन्शन, भरपगारी रजा हे सगळं त्या तीस युरोंत येतं. आपल्याकडे दीडशे रुपयांत काम होतं, कारण त्यातलं काहीच त्याला मिळत नाही. म्हणजे आपली स्वस्ताई फुकट नाही. तिचं उरलेलं बिल कुणीतरी भरतंय. हे मला कळायला फार वर्षं लागली, आणि कळलं ते एका मित्रामुळे.

तो इथे बसलाय. नाव घेणार नाही, असं त्याला कबूल केलंय. पण बाकीचं सांगायची परवानगी घेतली आहे. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. दोघांचे वडील एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. दोघांकडे वडिलांची सायकल, दोघांच्या डब्यात चपाती-भाजी, आणि दोघांच्या घरी खंडोबाच्या माळावर जायचा दिवस तोच. कारखान्याचा भोंगा झाला की घड्याळ न बघता किती वाजले ते दोघांना कळायचं. दहावीला मला 78 टक्के मिळाले, त्याला 64. मी पुढे इंजिनिअर झालो, तो आयटीआयला टर्नर. इथवर कुणाचं काही चुकलेलं नव्हतं.

आता माझ्या जर्मनीतल्या शेजाऱ्याची गोष्ट ऐका. तोही टर्नर. शाळेत माझ्या मित्राइतकाच, म्हणजे बेताचाच. सोळाव्या वर्षी कारखान्यात शिकाऊ लागला. साडेतीन वर्षं, आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस व्यवसाय शाळेत. विद्यावेतन पहिल्या महिन्यापासून. शेवटी उद्योग मंडळाची परीक्षा, आणि त्याचं प्रमाणपत्र देशभर चालतं. असे तीनशेहून अधिक व्यवसाय तिकडे याच पद्धतीने शिकवले जातात, आणि त्यासाठी 1969 पासून स्वतंत्र कायदा आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याकडे त्याच्याही आधीचा, 1961 चा आहे. म्हणजे कायद्यात आपण मागे नव्हतो.

हा शेजारी आणि मी एकाच गल्लीत, एकसारख्या घरांत राहतो. माझा पगार त्याच्यापेक्षा जास्त, साधारण दीडपट. पण आमचा डॉक्टर एक. त्याची आणि माझी मुलगी एका शाळेत शिकली. उन्हाळ्यात तोही तीन आठवडे सुट्टीवर जातो. माझ्या पगारातले शंभरातले चाळीस युरो कर आणि विम्यापोटी कापून जातात. सुरुवातीला फार चडफडायचो. मग लक्षात आलं, आमच्या दोघांतलं अंतर दीडपटीवर राहतं ते याच चाळिसांमुळे. तिकडे सक्तीचा आजारपणाचा विमा 1883 पासून आहे. तो आणणारा बिस्मार्क काही गरिबांचा कैवारी नव्हता. कामगार समाजवाद्यांकडे जातील ही त्याची भीती होती. पण भीतीने का होईना, केलं.

आणि माझा मित्र? त्याची आयटीआय झाली, शिकाऊ उमेदवारी झाली, आणि नेमका 1991 च्या सुमाराला तो नोकरी शोधायला लागला. वडिलांच्या पिढीला परमनंट नोकरी, युनियन, कँटीन, बोनस होतं. त्यातूनच माझ्या वडिलांनी मला शिकवलं. त्याच्या पिढीला ठेकेदार मिळाला. सात महिने काम, मग ब्रेक. पुन्हा दुसरा ठेकेदार, पुन्हा सात महिने. शेजारच्या लेथवर परमनंट माणूस, तेच जॉब, तेच माप, आणि पगार याच्या तिप्पट. तेवीस वर्षं त्याने अशी काढली. कंपन्यांची नावं घेण्यात अर्थ नाही. एकीचं घेतलं तर दुसरीवर अन्याय होईल.

एका बाकावरच्या आम्हा दोघांत आज किती पट अंतर आहे, ते मी मुद्दाम काढलं नाही. माझ्याच्याने झालं नाही. देश श्रीमंत की गरीब हे माणशी उत्पन्नावरून कळतं. पण तिथे जगणं कसं आहे हे पाहायचं असेल, तर मी विचारतो, एका बाकावरची दोन मुलं चाळीस वर्षांनी एकमेकांपासून किती लांब गेली? माझ्यापुरतं हेच माप.

तुम्ही म्हणाल, तिकडे सोय आहे, पण इकडे माया आहे. दर वेळी पुण्याच्या विमानात बसताना मीही हेच म्हणायचो. तिकडे एकटेपणा आहे, हे खरं. दुपारी साडेचारला अंधार पडणारा डिसेंबर मी चोवीस वेळा काढला आहे. खास डॉक्टरची वेळ मिळायला महिने लागतात. ज्या रेल्वेवर घड्याळ लावायचं म्हणतात, तिच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 2024 मध्ये जेमतेम 62 टक्के वेळेवर पोचल्या. आपली लोणावळा लोकल ऐकून हसेल. स्टेशनवर बाटल्यांची अनामत मिळावी म्हणून कचऱ्याचे डबे चाचपणारे म्हातारे मी रोज पाहतो. अर्थव्यवस्था सलग दोन वर्षं आक्रसली. 2024 च्या डिसेंबरात फोक्सवागनने 2030 पर्यंत 35 हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करायचं ठरवलं. पण तेही युनियनशी वाटाघाटी करून, सक्तीने कुणाला घरी न पाठवता.

तर माया. 2012 मध्ये माझी आई आजारी पडली. मी तिकडे होतो. तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या आधीचे नऊ दिवस वायसीएममध्ये तिच्या उशाशी हा बसला होता. रक्ताची धावपळ याने केली. खांदा याने दिला. मी आल्यावर त्याला मिठी मारली आणि म्हणालो, ‘तुझ्यासारखी माणसं जर्मनीत नाहीत रे.’ वर्षानुवर्षं हे वाक्य मी तिकडच्या महाराष्ट्र मंडळात, गणपतीत, सगळीकडे सांगत आलो.

गेल्या वर्षी वहिनींनी बोलता बोलता सांगितलं. त्या नऊ दिवसांचे नऊ खाडे पडले. पगारी रजा नव्हतीच. दहाव्या दिवशी कामावर गेला तर ठेकेदाराने ब्रेक दिला. चार महिने हा घरी होता. मला कधी बोलला नाही. ‘सांगून काय करणार होतास?’ म्हणाला. खरंच, काय करणार होतो? पैसे दिले असते, आणि त्याला ते आवडलं नसतं.

मित्रांनो, माझ्या जर्मन शेजाऱ्याने आईजवळ नऊ दिवस बसायचं ठरवलं असतं, तर त्याची नोकरी गेली नसती. तिकडे माणसं प्रेमळ नसतात असं नाही. आणि आपल्याकडची माया खरी आहेच. पण ती ज्याला सर्वांत महाग पडते, त्याच्याच खिशातून येते, आणि आपण परदेशात बसून तिचं कौतुक करतो. मी तरी केलं. म्हणून ‘तिकडे सोय, इकडे माया’ हे वाक्य मी आता बोलत नाही.

आता हे सगळं आज का काढलं? मित्राची मुलगी जर्मन शिकते आहे. बारावी झाली, बी-वन परीक्षा पास झाली. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवायचा. श्टुटगार्ट त्याच राज्याची राजधानी. त्याच वर्षी जर्मनीने भारतीयांसाठी कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. त्यांचं मध्यक वय पंचेचाळीसच्या पुढे, आपलं अठ्ठाविसाच्या आसपास. त्यांना म्हाताऱ्यांची देखभाल करायला हात हवेत. तिला परिचारिकेच्या प्रशिक्षणाला जायचंय. तिने मला विचारलं, ‘काका, जाऊ का?’ मला उत्तर देता आलं नाही. म्हटलं, मेळाव्यात सांगतो.

तर बाळ, जा. तीन वर्षं नीट शीक. विद्यावेतन मिळेल, पण खोली, खाणं, बसचा पास यांत बरंचसं संपेल. बी-टूशिवाय वॉर्डात कुणी तुझ्याशी नीट बोलणार नाही, तेव्हा भाषेत टंगळमंगळ नको. पहिला हिवाळा रडवेल. एजंट लाखो रुपये मागेल, तर आधी मला फोन कर. आणि कामाचा करार सही करण्याआधी वाच. वर्षाला रजा किती, आजारी पडलं तर पगार किती दिवस, हे त्यात लिहिलेलं असतं. तुझ्या वडिलांच्या हातात असा कागद तेवीस वर्षांत आला नाही.

पण तिला जा सांगून माझं काम संपत नाही. इथे मागच्या वर्गांचे, पुढच्या वर्गांचे मिळून निदान पंधरा-वीस जण असे आहेत, ज्यांची भोसरीत, तळवड्यात, चाकणला वर्कशॉप आहेत. दोघे-तिघे स्वतः मनुष्यबळ पुरवण्याच्या धंद्यात आहेत. त्यांनी रागावू नये. पहिल्या बाकावरचे होते, अजून तसेच चळवळे आहेत. तुम्हाला बिस्मार्क व्हायला सांगत नाही. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही चार गावं मिळून नगरपालिका झाली, तेव्हा कुणाला वाटलं होतं इथे काय उभं राहील? आज 2019 पासून दिवसाआड पाणी येतं, तरी रोज नवी इमारत उठते. सगळं काही आपल्या हातात नाही. पण आपल्याकडे कामाला असलेल्या पोराला नेमणुकीचं पत्र द्यायचं, पीएफ आणि ईएसआय वेळेवर भरायचं, आणि आई दवाखान्यात असेल तर त्याचा खाडा लावायचा नाही, एवढं तर आपल्या हातात आहे. जॉबच्या भावात थोडी वाढ होईल. होऊ दे. मागच्या बाकावरच्या एका तरी पोराचे ते नऊ दिवस वाचतील.

बाई, तुम्ही आम्हाला नागरिकशास्त्र शिकवलंत, वीस मार्कांचं. आम्ही ते गाळून इतिहास-भूगोलावर भर द्यायचो. माफ करा. उशिरा का होईना, धडा वाचतोय.

जेवणाच्या पंक्ती थांबल्यात, आचाऱ्याची खूण दिसते आहे. आज मी आणि माझा मित्र पुन्हा शेजारी बसणार आहोत.