नाट्यविद्या आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



यंदा आपल्या शिक्षणनिधीकडे एक निराळा अर्ज आला आहे. एका मुलीने नाट्यशास्त्राच्या पदवी-शिक्षणासाठी साहाय्य मागितले आहे. अर्ज कोणाचा हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. निधीच्या नियमांत या विद्येचे नाव नसल्यामुळे तो निर्णयावाचून पडून आहे, आणि म्हणूनच मी हा विषय निवडला.

‘नाटकात जाणे’ या शब्दांना आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी जो अर्थ होता, तो अगदी निराधार होता असे मी म्हणणार नाही. ज्या बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह जळगावात आहे आणि ज्यांना बालपणी गायनाचे धडे याच गावी मेहबूबखाँ यांच्याकडून मिळाले, त्यांची नाटक मंडळीही कर्जाच्या ओझ्याखाली वाकली होती. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि गावोगाव फिरणाऱ्या अनेक मंडळ्यांचे तंबू कायमचे उतरले. ज्यांनी ते पाहिले, त्यांनी मुलांना त्या वाटेने जाऊ दिले नाही, यात नवल ते काय?

परंतु नाटक मंडळीत जाणे आणि नाट्यविद्या शिकणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये स्थापन झाले. १९६२ पासून १९७७ पर्यंत त्याची धुरा पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझी यांनी वाहिली. ‘नाटक अंगात असावे लागते, ते शिकविता येत नाही’ हा समज आपल्या देशात कोणी मोडला असेल, तर तो या गृहस्थांनी. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू झाले. मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांतही हा विषय शिकविला जातो. म्हणजे या विद्येसाठी आता घर सोडून पळून जावे लागत नाही. रीतसर अर्ज करून जाता येते.

तेथे शिकवितात तरी काय? नुसते हातवारे आणि पाठांतर, अशी पुष्कळांची कल्पना असते. वस्तुतः भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय घ्या. त्यात विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे नाट्यगृहाचे तीन आकार सांगितले आहेत. मर्त्यांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असे मध्यम विकृष्ट गृह त्यांनी पसंत केले आहे, कारण याहून मोठ्या गृहात नटाचा शब्द अस्फुट होतो आणि मुद्रेवरील भाव दिसत नाहीत. हा हिशेब शिल्पकाराचाही आहे आणि नटाचाही! आपल्याकडे सभागृहे बांधताना तो कोणी केला असता, तर मागच्या रांगेतील मंडळींनी माझे भाषण ऐकण्यासाठी कानाशी हात नेला नसता.

नेपथ्य हा शब्दही पाहा. संस्कृतात तो नटांच्या वेषभूषेच्या जागेला लावीत. आज आपण रंगमंचावरील देखाव्याला नेपथ्य म्हणतो. या विषयाच्या विद्यार्थ्याला प्रथम नाटक वाचावे लागते, मग अर्धा इंच म्हणजे एक फूट अशा मापाने रंगमंचाचा आराखडा काढावा लागतो, पुठ्ठ्याची प्रतिकृती करावी लागते. दार डावीकडे ठेवले तर नायिकेचा प्रवेश कोणाला दिसणार नाही, दिवा कोठून टाकला म्हणजे भिंत कापडाची आहे हे कळणार नाही, कोणत्या काळी कोणते पागोटे असे, हे सारे त्याने जाणले पाहिजे. यात सुतारकाम आले, इतिहास आला, वस्त्रांचे आणि विजेचे ज्ञानही आले.

आणि या क्षेत्रातील एक थोर पुरुष आपल्याच जिल्ह्यात जन्मला, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? दत्तात्रेय गणेश गोडसे यांचा जन्म १९१४ साली जळगाव जिल्ह्यातील वढोदे येथे झाला. त्यांनी लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिक्षण घेतले आणि पुढे शंभराहून अधिक नाटकांचे नेपथ्य व वेषभूषा सिद्ध केली. कलेच्या स्वरूपाचा शोध घेणारा ‘पोत’ हा ग्रंथ १९६३ साली लिहिला. ते केवळ पडदे रंगविणारे नव्हते. इतिहास आणि सौंदर्यशास्त्र यांचे ते अभ्यासक व अध्यापक होते. १९९२ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या उमेदीच्या काळी नाट्यशिक्षणाची राष्ट्रीय संस्थाच देशात नव्हती. आज ती आहे, आणि आपण नियमावलीत शब्द नाही म्हणून अडून बसलो आहोत.

खानदेशाला ही विद्या परकीही नाही. वहीगायन, सोंगे, तमाशाचे फड, कानबाईच्या रात्रीचे जागरण, आखाजीची झोक्यावरची गाणी हे सारे प्रयोगच आहेत. फक्त त्यांची कोणी नोंद ठेवीत नाही. म्हातारी माणसे जात आहेत, अहिराणीतील पदे त्यांच्याबरोबर जात आहेत. ते टिपून घेण्यास शिकलेली दृष्टी लागते, आणि बाहेरच्या विद्वानापेक्षा धुळ्या-जळगावची, ती बोली घरात ऐकलेली मुलगी ते काम अधिक चांगले करील, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोट भरेल काय, हा प्रश्न उरतोच. डॉक्टरीसारखी निश्चिती येथे नाही. ती आहे असे सांगून मी कोणाची फसवणूक करणार नाही. केवळ पडद्यावर झळकण्याच्या हौसेने जो जात असेल, त्याला पालकांनी अवश्य थांबवावे. परंतु नेपथ्य, प्रकाशयोजना, वेषभूषा शिकलेल्यांना चित्रपटात, दूरचित्रवाणीत, संग्रहालयांच्या मांडणीत आणि शाळांत काम मिळते. दिल्लीच्या विद्यालयात तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना मासिक शिष्यवृत्तीही देतात. मात्र प्रवेशासाठी पदवी आणि नाटकांतील प्रत्यक्ष सहभाग हवा. तेव्हा प्रथम येथील महाविद्यालयात पदवी घेता घेता एकांकिकांत काम करावे, ही वाटही खुली आहे.

अर्जदार मुलीने पुण्यातील वसतिगृहाचे शुल्क आणि पहिल्या वर्षाच्या रेखनसाहित्याचा खर्च एवढेच मागितले आहे, तेही कर्जाऊ. आज सायंकाळी कार्यकारिणी बसणार आहे. निधीच्या नियमांत ‘वैद्यक, अभियांत्रिकी व वाणिज्य’ या शब्दांपुढे ‘आणि ललित कला’ हे तीन शब्द घालावेत, अशी सूचना मी लेखी दिली असून तिला अनुमोदक हवा आहे.