बायकांचे मत आणि बायकांचे नाव

(दापोली तालुक्यातील एका महिला ग्रामसभेपुढे गावच्या मास्तरांनी केलेले भाषण)

मायबहिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या बंधूंनो,

आम्ही पुढारी नव्हे, पोरांस बाराखडी शिकविणारे मास्तर. तेव्हा बोलणे हजेरीपटाच्या अंगानेच होईल. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, तो वर्गात बसलेला असूनही गैरहजर. बायकांच्या मताची हकीकत अशीच आहे.

१९१९ च्या सुधारणांच्या वेळी मत कोणास द्यावे हे ठरविण्यास साउथबरोसाहेबांची कमिटी बसली होती. या देशात पडद्याची चाल आहे, सबब बायकांस मत देऊन उपयोग नाही, असा तिने निवाडा दिला. लावणीच्या चिखलात गुडघाभर उतरलेल्या आमच्या कोकणच्या बाईला पडदा कसला? पण तिला विचारतो कोण! पुढे प्रश्न प्रांतांवर सोपविला गेला आणि १९२१ साली मद्रासेपाठोपाठ मुंबईच्या कौन्सिलाने बाईपणाची आडकाठी काढली. ऐकावयास गोड, परंतु मत मिळे ते सारा भरणाऱ्या जमिनीवर, मालमत्तेवर. येथे तर खोतांचा अंमल. कुळांतल्या पुष्कळ पुरुषांसच मत नव्हते, मग बायकांच्या नावे जमीन कोठून असणार? घरधनी मुंबईस गिरणीत, शेत बाईच्या अंगावर आणि कागदावर नाव भलत्याचेच.

ही मेख ओळखली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचे मूळ गाव शेजारच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. बालपणीचा काही काळ त्यांनी दापोलीतच काढला. सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी मालदारांपुरते मत मागितले नाही, वयात आलेल्या प्रत्येक पुरुषास व प्रत्येक बाईस मागितले. १९३७ साली खोती मोडण्याचे बिल मुंबईच्या असेंब्लीत आणणारेही तेच. सरकारने मात्र १९३५ च्या कायद्यात काय केले? मालमत्ता असलेल्याच्या बायकोला नवऱ्याच्या लायकीवर मत दिले. मत तिचे, पात्रता त्याची!

स्वराज्य आले, घटनेने सर्वांस मत दिले. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना पुष्कळ बायांनी, मुख्यत्वे उत्तरेकडील प्रांतांत, आपले नाव सांगितलेच नाही. कोणी अमक्याची बायको, कोणी तमक्याची आई. निवडणूक कमिशनर सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ठेवण्यास नकार दिला व सुमारे २८ लाख बाया यादीतून गळाल्या. कोणी म्हणेल, हा कठोरपणा झाला. आम्हांस तसे वाटत नाही. अमक्याची बायको म्हणून मत घेतले असते, तर ते त्या अमक्याचेच दुसरे मत झाले असते.

शेजारच्या गोव्यात १९७३ साली शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. वडील भाऊसाहेब बांदोडकर यांच्या पुण्याईने खुर्ची मिळाली म्हणावे, तर १९७७ ची निवडणूक त्यांच्याच पुढारपणाखाली पक्षाने जिंकली. आमच्या महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा बायकांस आहेत. आणि तरीही 'सरपंचपती' हा शब्द आमच्या कानी पडतोच! कायद्याच्या कोणत्या कलमात हे पद आहे, ते दाराशी उभ्या असलेल्या बंधूंनी आम्हांस दाखवावे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत मुलाच्या नावामागून आधी आईचे नाव, मग बापाचे, असे ठरले आहे. ती पोरे आमच्या शाळेत येतील तेव्हा दाखल्यावर आईचे नाव लिहिताना आम्हांस संतोष वाटेल. पण सातबाऱ्यावर ते कधी चढणार? घरी गेल्यावर उतारा काढून पाहा.

कायद्याने मोठ्या ग्रामसभेआधी ही तुमची सभा भरविणे सक्तीचे आहे. येथले ठराव तिकडे जातात. वही आता फिरेल. तीत 'अमक्याची मंडळी' असे लिहू नये, स्वतःचे नाव आधी लिहावे. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीकडून नाव लिहवून घेऊन मग अंगठा उठवावा. पहिला विषय नळाच्या पाण्याचा आहे.